एका अक्षराची जागा

नागपूर, श्रावण वद्य द्वितीया, सन १९३४

चि. शामला, आशीर्वाद.

आधी हातची कामं लिहितो, बाकी मागून. मागच्या दसऱ्यापासून मी एकट्यानं केलेलं ते असं: कोराडीच्या शायेचे सागवानी बाक, पाय सीधे, काहून की नक्षीच्या पायात पोरं आपले पाय अडकवतात. वाडीच्या शायेचे दोन फये, त्यावर काजयी अन् लाखेचा लेप, असा की खडू घसरत नाही अन् पुसल्यावर मागे सावली राहत नाही. मण्यांच्या चौकटी, मणी रिठ्याचे, भोक पाडताना एकही फुटला नाही. पाट्यांच्या लाकडी कडा. रेल्वेच्या पटरीचा तुकडा टांगून केलेली घंटा, जी कोराडीच्या तलावावरून देवीच्या मंदिरापर्यंत ऐकू जाते. अन् पृथ्वीचा एक गोल, सुक्या भोपयावर कागदाचा लगदा चढवून. तान्ह्या पोयाचे लाकडी बैल यंदा केले नाहीत. हात रिकामा नव्हता.

गोलावर विलायत ज्वारीच्या दाण्याएवढी आली अन् नागपूर बोराएवढं. मनोहरराव पाहायले आले. तू गेल्यावर ते बदलून आले, डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या साऱ्या शाया आता त्यांच्या देखरेखीत आहेत. म्हणाले, "कवडूजी, प्रमाण चुकलं तुमचं." मी म्हटलं, "साहेब, पोरगा जिथं उभा राहून पाहते तिथलं गाव मोठंच दिसते." ते हसले नाहीत. गोल मात्र घेऊन गेले.

इथवर वाचताना तुझ्या कपायाले आठी पडली असेल. पडू दे. अक्षरमालेत 'ह' च्या पुढे अन् 'क्ष' च्या आधी जे अक्षर येते ते मी लिहीत नाही, हे तुले माहीत आहे. आपल्या तोंडात ते नाही. आपण डोया म्हणतो, काया म्हणतो, शाया म्हणतो. जे तोंडात नाही ते हातातून काहून निघावं? मी कोण्या मास्तरापुढे बसलो नाही. सीताबर्डीच्या दुकानांवरून, स्टेशनांच्या नावांवरून, संत्र्याच्या पेट्यांवरून एकेक अक्षर उचललं. त्यातल्या अर्ध्या पाट्या हिंदी, अन् हिंदीत ते अक्षर कोणी लिहीत नाही. मले ते रस्त्यात भेटलंच नाही.

वाडीच्या पाटीची हकीकत लोक आपापल्या परीनं सांगतात, म्हणून एकदा जशी झाली तशी लिहून ठेवतो. 'प्राथमिक शाया, वाडी' अशी पाटी मी रंगवली होती. ती दारावर चढवायच्या दिवशी अमरावती रस्त्यावरच्या कापसाच्या बैलबंड्याही पाहायले थांबल्या. तू जबलपूरच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगहून सुटीवर आली होतीस. तू वर पाहिलं, मोठ्यानं वाचलं अन् हसलीस. तुझ्यामागून सारे हसले. ज्याले वाचता येत नव्हतं तो जास्त हसला. मग तू बाकावर चढून, माझ्याच बाकावर, खडूनं माझ्या 'य' वर ते अक्षर काढलंस. रंग अजून ओला होता. खडू त्यात रुतला.

मी जे बोललो तेही जसंच्या तसं लिहितो. मी बोललो, "माझ्या घरात या अक्षराले जागा नाही, अन् ते आणणारीलेही नाही." तू त्याच सांजेच्या गाडीनं जबलपूरले परत गेलीस, अन् ट्रेनिंग संपल्यावर तिथंच नोकरी धरलीस. जा, असं मी म्हटलं नव्हतं.

आता बातमी. कुहीले पोरींची शाया मंजूर झाली. स्टेशनातून दिसेल अशी, धानाच्या बांधीपाशी, एक खोली अन् पडवी. दसऱ्याले उघडायची. ट्रेनिंग झालेली बाई पाहिजे, एवढीच अट. पुरुष मास्तर ठेवला तर गावातल्या माया पोरी धाडणार नाहीत, अन् पोरी आल्या नाहीत तर खोली पोरांच्या जास्तीच्या वर्गाले जाईल. अर्ज मनोहररावांकडे करायचा असतो. मी फक्त बातमी देऊन राहिलो.

तुझी माय बाजूले बसून म्हणून राहिली, "तिले लिहा, यंदा सांडग्या मिरच्या चांगल्या उतरल्या." लिहिलं.

तुझा बाप,
कवडूजी


नागपूर, भाद्रपद शुद्ध नवमी

शामला, आशीर्वाद.

उत्तर पोचलं. माझंच पत्र, लाल शाईत न्हालेलं. तुझा स्वतःचा एक शब्द नाही, वर मायना नाही, खाली सही नाही. जिथं जिथं माझा 'य' होता तिथं तुझं ते अक्षर येऊन बसलं, जशी सांजेला झाडावर पाखरं बसतात. 'मले' चं 'मला' केलंस, 'तुले' चं 'तुला'. एवढं मी मान्य करतो, लिहिताना तसं लिहीन. बोलताना नाही.

तुझी माय कंदिलाची काच पुसत होती.

"काय लिवलं पोरीनं?"

"चुका."

"कोनाच्या?"

"माझ्या, असं तिचं म्हणणं."

"लय हायेत का?"

"पानभर."

"मंग सारं पत्र वाचलं म्हना की तिनं," ती म्हणाली, अन् स्वच्छ झालेली काच पुन्हा पुसत बसली.

ते पान मी भिंतीवर लावलं आहे, चार कोपऱ्यांत चार चुका ठोकून. सुताराच्या चुका, तुझ्यासारख्या नाहीत. दिवस उगवल्यावर उन्हाचा पट्टा त्यावरून जातो तेव्हा शाई ओली दिसते.

या पत्रात ते अक्षर नाही अन् त्याच्या जागी माझा 'य' ही नाही. 'स्कूल' लिहितो. इंग्रजी शब्दाला तू काय लाल करणार?

बुधवारी इतवारीहून छोट्या गाडीनं कुहीला गेलो. स्कूलच्या खिडक्यांची मापं घ्यायची होती. ती गाडी एवढी सावकाश चालते की आपण थांबलो आहोत अन् धानच मागे चाललं आहे असं वाटते. बांध्या पाण्यानं भरलेल्या. पाण्यात आकाश, अन् त्या आकाशात एका पायावर ढोकरी उभी. माझ्या पापण्या जड झाल्या. पाहतो तर आपली सारी स्कूलं त्या पाण्यावरून तरंगत येऊन राहिली, होड्यांसारखी. कोराडीचं पुढे, त्याच्या पडवीत पोरं पाण्यात पाय सोडून बसलेली. मागून वाडीचं, त्याला कापसाच्या बंड्यांचे बैल ओढत होते, पोहत पोहत. प्रत्येकावर माझी पाटी, अन् पाण्यात तीच पाटी उलटी. घंटाही वाजत होती, पण पाण्याखालून, जशी कानावर उशी धरून ऐकावी. सर्वांत शेवटच्या नावेत कोणी पाठमोरी बसली होती. दोन वेण्या, वर लाल रिबिनीची गाठ, दोन्ही बाजूंनी फुगा काढलेली. मी मनात म्हटलं, ही गाठ मी कुठंतरी वाचली आहे. वाचली, असंच म्हटलं. तेवढ्यात गार्ड ओरडला, कुही.

खोलीला चुना लागून राहिला आहे. भिंती अजून ओल्या, हात लावला की पांढरा होऊन निघतो. दारात जयवंता उभी होती, तीन पोरींची माय, निंदणावरून आलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. माझ्या हातात गज अन् पेन्सिल पाहून तिनं मलाच कौन्सिल समजलं.

"बाई येते का गा, का एखादा बुवाच आनून बसवता?"

"बाई येईल."

"कोनाची?"

मी खिडकीचं माप घेत होतो.

"तुमचीच पोरगी हाय म्हनतात. ते त लोकायले हसते म्हने. बापालेबी हसली."

"हसते," मी म्हटलं. "पण चुकलेल्या जागी हसते. तुझ्या पोरींचं चुकलं त तिले दिसन."

"मंग आना तिले. माही कौशल्या मोठी हाय. यंदा शायेत नाही बसली त तिचा बाप माघात लगन लावून देते तिचं. मी एकटी कुठवर भांडू?"

जयवंता जशी बोलली तशी लिहिली. तिच्या 'शायेत' ला लाल करायचं असेल तर तिच्यापुढे येऊन कर.

खिडकीचं माप दोनदा घ्यावं लागलं. असं माझं होत नाही.

तुझा बाप,
कवडूजी


नागपूर, आश्विन शुद्ध प्रतिपदा, घट बसले

शामला, आशीर्वाद.

पत्र परत आलं. या खेपेला लाल शाई कमी. प्रत्येक 'स्कूल' खाली रेघ, अन् शेवटल्या रेघेपुढे एक प्रश्नचिन्ह. वाडीच्या दिवसापासून तू मला विचारलेली ही पहिली गोष्ट. म्हणून नीट उत्तर देतो.

कोराडीला एका बाकाचा पाय बसवायला गेलो होतो. तिथं आता दुसरी खोली झाली, पोरं मावत नव्हती. पोरं सुटल्यावर तलावाच्या काठी बसलो. दिवे लागायची घटका, पाणी अन् काठ एकाच रंगाचे झालेले, मंदिराचं निशाण कुठं संपते अन् त्याची सावली कुठं सुरू होते ते दिसत नव्हतं. ओली रेती होती. बोटानं ते अक्षर काढून पाहिलं. पहिल्यांदा बसलेल्या बैलासारखं झालं. मग चष्म्यासारखं. मग बोट आपोआप फिरलं अन् पाहतो तर ती गाठ होती, नावेत दिसलेली, रिबिनीची.

तुला आठवत नसेल. तुझ्या मायच्या हातून रिबीन नीट बसत नसे, एक फुगा मोठा अन् एक लहान व्हायचा, म्हणून रोज मीच बांधून देत होतो. दोन्ही फुगे सारखे, मधली गाठ चपटी. म्हणजे ते अक्षर माझ्या बोटांत केव्हाचं होतं अन् मला ठाऊक नव्हतं. पाण्याची एक लहर आली अन् घेऊन गेली. मी दुसऱ्यांदा काढलं नाही. रेतीत जमलं म्हणून ते माझं होत नाही.

कुहीची पाटी झाली. सागवान, एकसंध, त्यात गाठ नाही. जमीन आस्मानी, अक्षरं पांढरी. 'कन्या' लिहिलं. पुढे 'शा' लिहिला. मग एका अक्षराची जागा सोडली. मग काना. खाली 'कुही'. त्या जागेत रंग नाही, लेप नाही, उघडं लाकूड ठेवलं आहे. इतर अक्षरांहून ती दोन बोटं रुंद ठेवली, काहून की लाल शाईत पाहिलं, तुझ्या हातचं ते अक्षर पसरट येते.

मनोहरराव दुकानात आले तेव्हा पाटी भिंतीला टेकलेली होती.

"कवडूजी, पाटीचा दात पडला की काय?"

"हो साहेब."

"मग बसवा."

"तो दात माझ्याकडे नाही."

त्यांनी उघड्या लाकडावर बोट फिरवून पाहिलं. मी रंगाचं भांडं हलवत विचारलं, "कुहीसाठी अर्ज आला का कोणाचा?"

"कोणाचा यायचा होता?"

मी भांडं हलवत राहिलो. रंग केव्हाच एकजीव झाला होता. शेवटी तेच म्हणाले, "नाही आला."

माझ्या घरात त्या अक्षराला जागा नाही, असं मी एकदा म्हटलं होतं. म्हटलेलं मी फिरवत नसतो. पण ही पाटी घरात लागणार नाही. ही कुहीला लागेल.

तुझा बाप,
कवडूजी


कुही, आश्विन शुद्ध एकादशी

शामला, आशीर्वाद.

मागचं पत्र परत आलं नाही. लाल होऊन नाही, कोरंही नाही. पोस्टमन आपल्या दारापुढून जाताना सायकलची घंटी वाजवत नाही, एवढं त्यालाही समजलं आहे. तुझी माय म्हणते, "चूक सापडली नसन, म्हून नाही धाडलं." ती सोबत आली आहे. पडवीत बसून कोणाच्या तरी पोरीची वेणी घालून राहिली.

काल दसरा झाला. श्रीफल फुटलं. मनोहररावांनी भाषण केलं अन् तो शब्द पुस्तकात असतो तसा म्हटला. गावच्या लोकांनी माना वर करून पाटी वाचली. कोणाला काही खटकलं नाही. तोंडानं वाचताना जो तो ती जागा आपल्या परीनं भरून घेते. जयवंताला तर वाचता येत नाही, तिनंही वाचली. तिचं अन् माझं एकच आलं.

बाई नव्हती, तरी पोरी आल्या. मला वाटलं, परत जातील. तर जयवंता आत शिरली अन् भिंतीला टेकून बसली. तिच्यामागून बाकीच्या माया बसल्या. पाठीला ओला चुना लागला, कोणी झटकला नाही. "बाई येत नाही तवरिक आम्ही बसतो राखाले," जयवंता मनोहररावांना म्हणाली. मग पोरींनी पाट्यांवर सरस्वती काढली, १ शेजारी १ मांडून काढतात ती. जिला एकाचा आकडा काढता येईना तिचं बोट तिच्या मायनं धरलं, जिला स्वतःलाही तो येत नव्हता. दोघींच्या बोटांतून जे उतरलं ते कशासारखंच नव्हतं, पण सरस्वती त्यातही बसली. खिडकीतून धानाचा वास येत होता. पाट्यांवर पेन्सिली वाजत होत्या, जशा गवतात किडे. मला क्षणभर वाटलं की खोली जागची हलली अन् बांधीच्या पाण्यावर निघाली.

ऊन उतरल्यावर बाहेर आलो तर कौशल्या बाकावर चढलेली. वेणीतली लाल रिबीन काढून ती पाटीच्या वरच्या कड्याला बांधून राहिली होती. गाठ बरोबर त्या जागेत आली, दोन्ही फुगे, अन् लांबून पाटी पुरी दिसली. मी ती तशी पाहत उभा राहिलो. स्टेशनात गाडी आली अन् गेली, तेही मागून ध्यानात आलं.

मग म्हटलं, "उतर वं पोरी. ती जागा ठेवली आहे."

"कोनासाठी?"

"बाईसाठी."

"कवा येते बाई?"

"गाडीनं."

"कोन्या गाडीनं?"

पोरगी हुशार आहे. तुला पुरून उरेल. रिबीन मीच तिच्या वेणीला परत बांधून दिली. बोटं विसरली नव्हती.

आता मनोहररावांचं. त्यांनी भाऊबीजेपर्यंत वाट पाहायचं कबूल केलं आहे. तोवर बाई आली नाही तर खोली पोरांच्या वर्गाला जाईल, अन् कौशल्या माघात सासरी. तुझा अर्ज आता उशिरा आला तरी घेतो, असं ते आपण होऊन म्हणाले. मी विचारलं नव्हतं. पांढरा रंग झाकून ठेवला आहे, साय धरू नये म्हणून रोज हलवतो. ब्रश नवा आहे, बारीक, तुझ्या हाताच्या मापाचा. बाक पाटीखाली आहे, त्यावर तू चढलीस तर डुगडुगणार नाही.

जाताना मनोहररावांनी मला कडुनिंबाखाली नेलं. भला माणूस आहे. म्हणाले, "कवडूजी, यंदा कौन्सिलच्या साऱ्या नव्या खोल्यांचं काम, बाक, तक्ते, पाट्या, सारं एकट्या तुम्हाला देतो. लेखी. फक्त ती जागा आज भरून टाका. तुमचा हात उठत नसेल तर माझा पेंटर सोबत आहे, तुम्ही धानाकडे तोंड करून उभे राहा. अर्धी पाटी घेऊन मी वरच्यांना काय सांगू?"

धानाकडे तोंड करून मी उभा राहिलो. धान चांगलं आलं आहे. मग नाही म्हटलं.

तुझी माय म्हणते, सोडलेल्या कामाची रक्कम लिहू नका, पोरीच्या मनाला लागेल. पण हकीकत अर्धी लिहिणं माझ्या हातून होत नाही. दोनशे पंचवीस रुपये.